आमचे गेम जुने होऊ द्या, बंद पाडू नका

प्रति,
डेस्कटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी समस्त मंडळी,
मुक्काम रेडमंड (मायक्रोसॉफ्ट), कूपर्टिनो (अ‍ॅपल) आणि (लिनक्सवाल्यांसाठी) असाल तिथे

स. न. वि. वि.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. तुमच्या तिघांच्याही गोतावळ्यात मराठी वाचणारी माणसं आहेत, आमच्या बॅचमधलीच काही तिकडे कामाला लागली. त्यांच्यापैकी कुणीतरी चहाच्या वेळेला हे वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

आम्ही पुण्यात दोघं जण मिळून छोटे गेम बनवतो. ती चित्रं काढते, मी कोड लिहितो, हिशेब दोघांनाही जमत नाही. पहिला गेम २०१६ मध्ये काढला, सागरगोट्यांचा. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत बाकीचे टिपायचे. खप सांगण्यासारखा नाही, पण काही शिक्षकांना आवडला आणि शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमधून तो थोडाफार फिरला.

दोनेक वर्षांनी सांगली जिल्ह्यातल्या एका बाईंचा मेल आला. ‘गेम छान आहे, मुलांना आवडतो, पण त्याला कालचं काही आठवत नाही.’ म्हणजे खेळून बंद केला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पातळीपासून सुरुवात. माझ्या मशिनवर सगळं व्यवस्थित चालत होतं. (हे वाक्य आमच्या धंद्यात इतक्या वेळा म्हटलं जातं की त्याचा शिक्काच करून घ्यावा.) शेवटी त्यांच्याकडून लॉगची फाइल मागवली. तीत सेव्ह फाइलचा पत्ता होता: सी ड्राइव्ह, मग यूजर्स, आणि त्यापुढे सात प्रश्नचिन्हं.

सातच का? बाईंच्या भाच्यानं विंडोजचं खातं उघडताना त्यांचं नाव हौसेनं देवनागरीत टाकलं होतं: शुभांगी. (नाव बदललंय, पण अक्षरखुणा तितक्याच ठेवल्यात.) श, उकार, भ, काना, अनुस्वार, ग, वेलांटी. मोजा, सात होतात. फाइल उघडायला आम्ही जी जुनी लायब्ररी (म्हणजे आयत्या कोडचा संच) वापरत होतो ती विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या, एका बाइटात एक अक्षर मावणाऱ्या फंक्शनांवर उभी होती. देवनागरीसाठी त्या पद्धतीत जागाच नाही. विंडोजनं मराठीला, हिंदीला तसलं जुनं कोडपेज (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, हा तक्ता) कधी दिलंच नाही, या भाषा थेट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक तक्त्यात आल्या. त्यामुळे जे अक्षर बसत नाही तिथे प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रश्नचिन्ह तर फाइलच्या नावात चालतच नाही. फाइल लिहिली गेली नाही, आणि आमच्या कोडनं ती लिहिली गेली का हे तपासायची तसदीही घेतली नाही.

चूक आमची, वाद नाही. सगळी फंक्शनं एकेक करून बदलली, दोन आठवडे गेले. पुढे मे २०१९ मध्ये विंडोज १० ची १९०३ आवृत्ती आली आणि तीत कळलं की मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबत जाणाऱ्या माहितीच्या फाइलीत) एक ओळ टाकली की तीच जुनी फंक्शनं यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड लिहायची एक पद्धत, समजायला लागतात. एक ओळ! तुम्हाला दुवा द्यावा की कपाळावर हात मारावा, ते कळेना.

हे एवढं पाल्हाळ लावलं कारण पुढचा मुद्दा त्यातच आहे. बाईंचा मेल आला तेव्हा आम्ही होतो. सोर्स कोड होता, त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करणारा कंपायलर होता, आणि तसा बिल्ड कसा करायचा हे आठवत होतं. समजा आम्ही धंदा बंद करून नोकरीला लागलो असतो तर? सोर्स कोड ज्या हार्डडिस्कवर होता ती बसली असती तर? तयार गेमच्या कपाळी हेच लिहिलेलं असतं. बँकेचं अ‍ॅप दर पंधरा दिवसांनी नवं येतं, त्यामागे पगारी माणसं बसलेली असतात. गेम मात्र दिवाळी अंकासारखा असतो. एकदा छापला, बांधला, विकला की संपलं. १९७५ चा दिवाळी अंक आज रद्दीच्या दुकानात हाती लागला तर घरी नेऊन, धूळ झटकून सरळ वाचता येतो. आता कागद बदललाय, तेव्हा अंक पुन्हा छापून आणा, असं संपादकाला कुणी सांगत नाही. तुम्ही आम्हाला दर दोन-तीन वर्षांनी नेमकं हेच सांगता.

यात तुम्हाला सरसकट झोडपायचा हेतू नाही. जुनं सांभाळायचं ठरवलं तर तुम्ही काय करू शकता हे आम्ही वाचून आहोत. विंडोज ९५ च्या वेळची सिमसिटीची गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेली असते. त्या गेमचा कोड मोकळी केलेली मेमरी पुन्हा वाचत होता. विंडोज ३.१ मध्ये हे खपून जायचं, कारण सोडलेली मेमरी लगेच दुसरं कुणी बळकावत नव्हतं. विंडोज ९५ मध्ये गेम कोसळायला लागला. तेव्हा तुमच्या माणसांनी गेम उकलून पाहिला, चूक शोधली आणि खुद्द विंडोजमध्ये सोय केली: सिमसिटी चालू असेल तर मोकळी केलेली मेमरी लगेच परत घेऊ नका. चूक गेमची होती. पण ज्यानं पैसे मोजून गेम घेतला तो म्हणणार, नवं विंडोज टाकलं आणि गेम मोडला. हे तुमच्या तेव्हाच्या माणसांना कळलं होतं.

याच जातीची आणखी एक गोष्ट अगदी अलीकडची आहे. ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास पीसीवर २००५ मध्ये आला. त्यात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि काही लोकांच्या गेममधून ते विमान गायबच झालं. जबरदस्तीनं आणायला गेलं तर खेळाडू आभाळाच्याही पार भिरकावला जायचा. २०२५ मध्ये एका मॉडरनं (गेममध्ये हौसेनं बदल करणाऱ्यानं) मुळापर्यंत जाऊन छडा लावला. गेमच्या वाहनांच्या यादीत चाकवाल्या वाहनांच्या ओळीच्या शेवटी चाकांची मापं असतात, आणि स्किमरच्या ओळीत ती लिहायची राहून गेली होती. वाचणाऱ्या कोडनं त्या चलांना सुरुवातीची किंमत दिलेली नव्हती, म्हणून आधीच्या वाहनाची मापं स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेवर) पडून होती तीच स्किमरला लागत होती. एकोणीस वर्षं असं फुकट भागलं. २४एच२ मध्ये विंडोजचं एक आतलं फंक्शन स्टॅकची जरा जास्त जागा वापरायला लागलं, पडून असलेली मापं पुसली गेली आणि त्या जागी भलताच आकडा आला.

इथेही चूक गेमचीच, विंडोजनं कुठलाही नियम मोडलेला नाही. पण ही गोष्ट वाचून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या कोडमध्ये अशी किती स्किमरं असतील, कुणास ठाऊक. तुम्ही कागदोपत्री जे वचन देता ते पाळताच. आमचे जुने गेम मात्र त्या वचनाबाहेरच्या, सवयीनं चालत आलेल्या शेकडो गोष्टींवर तरलेले असतात, आणि त्यांची यादी तुमच्याकडेही नाही, आमच्याकडेही नाही.

आता कूपर्टिनोकरांकडे वळतो. तुमचा स्वभाव वेगळा आहे. तुम्ही घर आवरायला घेतलं की माळा थेट रिकामाच करता. जून २०१८ मध्ये तुम्ही ओपनजीएल (पडद्यावर चित्रं काढायला गेम वापरतात ती जुनी सामायिक सोय) कालबाह्य ठरवलं. तेही तुमच्याकडे ४.१ आवृत्तीवरच थांबलेलं होतं, आणि ती आवृत्ती २०१० सालची. बदल्यात तुमचं स्वतःचं मेटल घ्या म्हणालात. मेटल चांगलं आहे, मी वापरलंय, पण ते तुमच्या अंगणाबाहेर कुठेच चालत नाही. बाकीच्या जगानं २०१६ पासून व्हल्कनला आपलंसं केलं, ते तुम्ही घेतलं नाही. मग मोल्टनव्हीकेसारखी दुभाषी लायब्ररी मधे बसवावी लागते, आणि ती अंगावर आलेलं काम इमानेइतबारे करते.

मग ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएसची कॅटालिना आवृत्ती आली आणि ३२ बिटी (जुन्या धाटणीचे) प्रोग्राम एका रात्रीत बंद. आधी इशारे दिले होते, मान्य. पण इशारा ऐकायला समोर कुणी तरी असावं लागतं. ज्या गेमच्या कंपन्याच उरल्या नव्हत्या, ज्यांचे हक्क कुणाकडे हेही कुणाला सांगता येत नव्हतं, त्यांना तो इशारा कुणी वाचून दाखवायचा? पुढचा तिढा तर पाहण्यासारखा आहे. ३२ बिटी गेम चालवणारी तुमची शेवटची सिस्टिम म्हणजे मोहावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टीमनं, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानानं, मोहावीचा पाठिंबा काढला. म्हणजे गेम ज्या मशिनवर चालतो तिथे दुकान उघडत नाही, आणि दुकान उघडतं तिथे गेम चालत नाही.

२००६ पासून तुम्ही चिपही दोनदा बदलल्या. दोन्ही वेळा जुन्या चिपचे प्रोग्राम नव्या चिपवर चालवणारा रोझेटा नावाचा दुभाषी दिलात, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा त्यानं कमाल केली. पहिला रोझेटा २००६ मध्ये आला आणि २०११ मध्ये लायन ही आवृत्ती आली तेव्हा गेला, त्याच्याबरोबर पॉवरपीसी चिपच्या काळातले सगळे गेमही गेले. दुसरा २०२० मध्ये एम१ बरोबर आला. २०२५ च्या जूनमध्ये तुम्ही जाहीर केलंत की मॅकओएस २७ पर्यंत तो पूर्ण मिळेल, आणि त्यानंतरही त्याचा थोडा भाग शिल्लक ठेवू, तो ज्यांची आता देखभाल होत नाही अशा इंटेलच्या काळातल्या जुन्या गेमांसाठी. हे वाक्य मी तीनदा वाचलं. ज्यांच्यामागे आता कुणी उभं नाही असे गेम असतात आणि त्यांची सोय सिस्टिमनं करायची असते, हे तुमच्या तोंडून ऐकायला आम्ही कान टवकारून बसलो होतो. आता एवढंच सांगा: ‘थोडा भाग’ म्हणजे कोणता भाग, आणि तो किती वर्षं?

लिनक्सवाल्यांनो, तुम्ही गालातल्या गालात हसताय ते दिसतंय. यूजरस्पेस (वर चालणारे प्रोग्राम) मोडायची नाही, हा कर्नेलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, दंडक तुम्ही पाळता, त्याला सलाम. पण गेम एकट्या कर्नेलवर चालत नाही, वरच्या लायब्रऱ्यांवर चालतो. आमच्या गेमचा लिनक्स बिल्ड मी एका नव्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या तयार संचावर) केला आणि जुन्या डिस्ट्रोवर तो उघडेचना. टर्मिनलमध्ये एकच ओळ, अमुक आवृत्तीची जीलिबसी (बहुतेक प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी) सापडली नाही. उपाय सगळ्यांना माहीत आहे, जुन्यात जुन्या सिस्टिमवर बिल्ड करा म्हणजे पुढच्यांवर चालेल. पण जुनं चालेलच याचीही खात्री कुठे आहे? ऑगस्ट २०२२ मध्ये जीलिबसी २.३६ आली, तिच्या बिल्डमधून हॅशचा एक जुना तक्ता वगळला गेला, आणि फसवणूक रोखणाऱ्या ज्या प्रोग्रामवर बरेच ऑनलाइन गेम अवलंबून आहेत त्याला नेमका तोच लागत होता. गेम सुरू होईनात. काही डिस्ट्रोंनी तक्ता परत घातला आणि प्रकरण निवळलं.

म्हणूनच तुमच्यातच एक विनोद फिरतो: लिनक्सवर सगळ्यात भरवशाचा, न बदलणारा पाया कोणता, तर विंडोजचा. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनवाल्यांनी १९९३ पासून चिकाटीनं रचलेली वीट न वीट, आणि तिच्यावर स्टीमच्या मालक वॉल्वनं २०१८ मध्ये उभा केलेला प्रोटॉन. वॉल्वच्या लिनक्सवाल्या हातातल्या यंत्रावर, स्टीम डेकवर, हजारो गेम चालतात ते बहुतांश विंडोजचे बिल्ड आहेत. मीही हरलो. वेगळा लिनक्स बिल्ड देणं आम्ही बंद केलं. आता विंडोजचाच बिल्ड प्रोटॉनवर तपासून देतो आणि तक्रारी जवळपास थांबल्या आहेत. तुमच्या घरात यायला शेजाऱ्याच्या दारातून यावं लागतं, याचं तुम्हाला काहीच वाटत नाही का?

पण तुमच्याकडची एक गोष्ट मला मनापासून आवडते. जून २०१९ मध्ये उबुंटू या डिस्ट्रोनं ३२ बिटी पॅकेजं काढून टाकायचं जाहीर केलं, वॉल्वनं सांगितलं की मग आमचा पाठिंबा संपला, आणि आठवड्याभरातच उबुंटूनं पाऊल मागे घेतलं. फेडोरातही २०२५ मध्ये तसाच प्रस्ताव आला आणि आरडाओरडा झाल्यावर मागे घेतला गेला. तुमच्याकडे निदान ओरडायला चावडी तरी आहे. बाकीच्या दोघांकडे प्रतिक्रियेचा रकाना असतो.

पुन्हा रेडमंड. तुम्ही जुनं सांभाळता ही ख्याती खरी आहे. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी ३२ बिटी गेमांचा इन्स्टॉलर मात्र १६ बिटी असायचा, ६४ बिटी विंडोजवर तो चालणं शक्यच नव्हतं, तर तुम्ही त्यातले ओळखीचे इन्स्टॉलर हेरून त्यांच्या जागी गुपचूप आपलाच चालणारा इन्स्टॉलर सरकवता. हे वाचलं तेव्हा मी उठून टाळ्या वाजवल्या होत्या. मात्र २०१५ मध्ये सेफडिस्कचा (सीडीची नक्कल होऊ नये म्हणून घातलेल्या कुलपाचा) ड्रायव्हर तुम्ही बंद केलात. सुरक्षेच्या दृष्टीनं तो भोकाचा डबा होता, काढलात ते योग्यच केलंत. पण ज्यांनी सीडीवर अस्सल गेम विकत घेतले होते त्यांचेच गेम बंद पडले आणि चोरीची, कुलूप तोडलेली प्रत घेणाऱ्याचं सुखेनैव चालू राहिलं. भोक बुजवताना त्या लोकांसाठी एखादी वाट काढता आली असती, निदान ‘हा गेम का उघडत नाही’ हे सांगणारी एक चौकट तरी.

चौकटीवरून आठवलं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच ‘काहीच होत नाही’ अशा असतात. आयकॉनवर दोनदा टिचकी, कर्सर गोल फिरतो, आणि शांतता. एका गृहस्थांनी गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून पीसी फॉरमॅट मारून घेतला होता. त्यानं विंडोज टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाच नाही. लॉगमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या नावाच्या जागी ‘जीडीआय जेनेरिक १.१.०’. म्हणजे ड्रायव्हर नसला की विंडोज ओपनजीएलची जी मूळची, १.१ ची जुनी सोय देतं, तिच्यावर आमचा गेम धापा टाकत होता. हे ओळखायला मला पाच मिनिटं लागली, कारण मी पूर्वी एकदा त्यात पडलोय. त्या गृहस्थांनी काय ओळखावं? तिथे सिस्टिमनं ‘तुमच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नाही’ एवढं साध्या मराठीत सांगितलं असतं, तर त्यांचा महिना वाचला असता.

उलट जिथे बोलू नये तिथे सिस्टिमा फार बोलतात. डिजिटल सही (गेम कुणी बनवला याचा पुरावा) नसलेला छोटा गेम उघडला की मोठी धोक्याची खिडकी येते आणि ‘तरीही चालवा’ हे बटण आणखी एका दुव्यामागे लपलेलं असतं. सही घ्यायची तर जून २०२३ पासून तिची किल्ली हार्डवेअरच्या टोकनमध्ये ठेवायची सक्ती आहे. मॅकवर नोटरायझेशन, म्हणजे गेम आधी तुमच्याकडून तपासून घेणं, त्यासाठी वर्षाला ९९ डॉलरची मेंबरशिप. व्हायरस आहेत, फसवे लोक आहेत, मला सगळं कळतं. पण वर्षाकाठी शंभरेक प्रती विकणाऱ्या माणसाला ही दारावरची चिरीमिरी वाटते.

आणि मंगल. तुम्हाला हा फॉन्ट आठवतो का? विंडोज २००० च्या काळापासून मराठी दिसायची ती मंगलमध्येच. त्या भरवशावर इथल्या कितीतरी लोकांनी शैक्षणिक प्रोग्राम आणि छोटे गेम बनवले आणि कोडमध्ये थेट ‘मंगल’ लिहून मोकळे झाले. विंडोज १० मध्ये तुम्ही तो मूळ संचातून काढून देवनागरीच्या पुरवणी फॉन्टांत टाकला. सिस्टिममध्ये मराठी किंवा हिंदी भाषा घातली असेल तर तो येतो, नाहीतर नाही. त्याच्या जागची निर्मला दिसायला जास्त चांगली आहे, याबद्दल दुमत नाही. पण तिची रुंदी वेगळी, उंची वेगळी, आणि जुन्या गेमची बटणं मंगलच्या मापानं शिवलेली.

आपल्याकडे अजूनही काही छापखान्यांत कोपऱ्यात एक जुना पीसी असतो, त्यावर एक्सपी, पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट. त्याला नेट जोडत नाहीत, अपडेट करत नाहीत, नव्या पोराला हात लावू देत नाहीत. लग्नपत्रिकांचा वीस वर्षांचा साठा त्यातच आहे. आम्हीही आता तसंच करायला लागलोय. आमच्याकडे चार मशिनं आहेत. दोन कामाची, एक जुना मॅक आणि एक विंडोज ७ चा लॅपटॉप, ज्याची बॅटरी फुगलीय.

तेव्हा मागणं असं. काहीही काढून टाकाल तेव्हा त्याच्या जागी एक दुभाषी ठेवून जा, आणि तुम्हाला तो सांभाळायचा नसेल तर त्याचा कोड उघडा करा. वाइनवाल्यांनी बाहेरून, हातात तुमचा कोड नसताना इतकं केलं, तर तो असल्यावर लोक काय करतील याचा विचार करा. काढायची तारीख पाच वर्षं आधी सांगा. आणि नवी आवृत्ती सोडण्याआधी जुन्या गेमांची जी काही चाचणी तुम्ही घेत असाल, तीत नुसते गाजलेले पन्नास गेम घेऊ नका. फारसे न खपलेले, इंग्रजी नसलेले, कुणी वाली न उरलेलेही थोडे घ्या. हवे असतील तर आमचे सागरगोटे घ्या, फुकट देतो.

सांगलीच्या त्या बाईंच्या लॅबमधले पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी ते तसेच चालू आहेत, कारण नवे घ्यायला पैसे नाहीत. मुलं खेळतात. गेमला आता कालचं आठवतं. आमच्या चाचणीच्या लॅपटॉपवर मी तेव्हा ‘शुभांगी’ नावाचं एक खातं उघडलं होतं, ते काढलेलं नाही. प्रत्येक नवा बिल्ड आधी त्या खात्यात चालवून बघतो. तुमच्याही एखाद्या चाचणीच्या मशिनवर असं एक खातं उघडा. नाव देवनागरीत टाका, कुठलंही चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सागरगोटेवाला,
पुणे